मीठ चौकोनीच का?

शाळेतला सगळ्यात स्वस्त प्रयोग कोणता असं कुणी विचारलं, तर मी मिठाच्या स्फटिकांचं नाव घेईन. काचेचा पेला, गरम पाणी, मीठ, दोरा आणि तो टांगायला एक पेन्सिल. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालत राहायचं, दोरा सोडायचा आणि गप्प बसून वाट पाहायची. काही दिवसांनी दोऱ्यावर चमचमणारे खडे दिसू लागतात. भिंगातून पाहिलं तर सगळे चौकोनी. अगदी ठोकळे!

यातलं वाट पाहणं टळत नाही. तुरटी गरम पाण्यात भरपूर विरघळते आणि पाणी निवलं की खडे होऊन बाहेर पडते. मीठ तसं नाही. १०० ग्रॅम पाण्यात ते नेहमीच्या तापमानाला साधारण ३६ ग्रॅम विरघळतं आणि अगदी उकळत्या पाण्यातही जेमतेम ३९. म्हणजे निवण्याने फारसं काही साधत नाही, पाणी उडूनच जावं लागतं. उरण-पेणकडच्या मिठागरांत हेच होतं, फक्त पेल्याच्या जागी खाचरं आणि खिडकीच्या जागी आख्खं आभाळ. आमच्या आजीच्या चिनी मातीच्या बरणीत असलंच जाडं मीठ असायचं. त्यातला धड कोपऱ्यांचा खडा शोधणं हा लहानपणी माझा आवडता उद्योग होता.

तिसरी-चौथीच्या वहीत 'निष्कर्ष' लिहिला की विषय संपतो. पण एखादं पोर विचारतंच, "चौकोनीच का?" या प्रश्नाने मोठमोठ्यांना दोन-अडीचशे वर्षं दमवलं आहे.

१६६९ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश माणसाने गारेच्या स्फटिकांबद्दल लिहिलं, की खडा लहान असो वा मोठा, ठरावीक बाजूंमधला कोन तोच राहतो. पुढे फ्रान्समध्ये रने जुस्त आउई नावाचे एक धर्मगुरू होऊन गेले. त्यांच्या हातून कॅल्साइटचा एक सुंदर खडा पडून फुटला आणि तुकडे उचलताना सगळे एकाच घाटाचे दिसले, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, १७८४ मध्ये त्यांनी मांडलेला विचार पक्का होता: स्फटिक हा एकसारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या विटांनी रचलेला असतो.

त्या विटा कोण पाहणार? १९१२ मध्ये म्युनिकला माक्स फॉन लाउए यांच्या सुचवण्यावरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. (पहिला स्फटिक कशाचा? मोरचुदाचा! तोही शाळेतलाच गडी.) १९१३ मध्ये तेवीस वर्षांच्या लॉरेन्स ब्रॅगने असल्या ठिपक्यांवरून मिठाची आतली रचना सांगितली. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, असा तिन्ही दिशांना पसरलेला बुद्धिबळाचा पट. एका मिलिमीटरच्या कडेवर असे सुमारे ३५ लाख कण ओळीने उभे! १९१५ मध्ये त्याला वडिलांबरोबर नोबेल मिळालं.

आता गंमत पाहा. पुस्तकात मिठाचा 'रेणू' म्हणजे एक सोडियम आणि एक क्लोरीन यांची जोडी. ब्रॅगच्या पटात जोडीच नाही! प्रत्येक सोडियमला सहा क्लोरीन शेजारी आणि प्रत्येक क्लोरीनला सहा सोडियम. कोण कुणाचा, सांगता येत नाही. हे पाहून हेन्री आर्मस्ट्राँग हे इंग्लंडमधले बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञ खवळले. १९२७ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी 'नेचर'ला पत्र लिहून 'बिचाऱ्या मिठा'ची बाजू घेतली. बुद्धिबळाचा पट हे त्यांच्या मते अक्कल गहाण टाकणं होतं.

हेच आर्मस्ट्राँग शाळेत मुलांनी स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत, सांगितलेलं घोकू नये, स्वतः शोधावं, यासाठी आयुष्यभर भांडले होते. दोऱ्यावरच्या मिठावर त्यांचाही थोडा हक्क आहे.

त्यांना हेकट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं करवत नाही. डोळ्यांना ठोकळा दिसतो, पट दिसत नाही. ठिपक्यांवरून पटापर्यंत जायला गणित लागतं आणि इतरांनी केलेल्या कामावर विश्वासही लागतो. 'स्वतः पाहा' एवढ्यावर हा रस्ता पुरा होत नाही. पण तो तिथूनच सुरू होतो, कारण ठोकळा पाहिलाच नसेल तर पटाचं चित्र म्हणजे आणखी एक पाठांतर. म्हणून मुलाने "का?" विचारल्यावर लगेच अणूंचं चित्र काढू नये असं मला वाटतं. आधी दहा खडे मोजू द्यावेत, एखादा फोडून पाहू द्यावा. तुकडेही चौकोनीच निघतात, हे त्याचं त्याला कळू दे.

घरी करणार असाल तर जाडं मीठ घ्या. पाकिटातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून काहीबाही घातलेलं असतं, त्याने पाणी गढुळतं. पाणी गाळून घ्या, पेला सावलीत ठेवा आणि हलवू नका. उन्हात ठेवून घाई केलीत तर बारीक चुरा मिळेल. तो आमटीत चालेल, वहीत नाही.