ठिपक्याची उलटतपासणी

कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब हे नाव मराठी वाचकाच्या फारसे परिचयाचे नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातला हा अभियंता अधिकारी. १८४२ साली त्याने पुण्यात खासगी वेधशाळा उभारली आणि १८४८च्या अखेरीस तो मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. भुजंगधारी तारकासमूहातल्या ‘७० ऑफियुकी’ या जोडताऱ्याच्या भ्रमणात त्याला किंचित अनियमितता आढळली. एखादा न दिसणारा ग्रह तिला कारणीभूत असण्याची बरीच शक्यता आहे, असे त्याने १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. दुसऱ्या ताऱ्याला ग्रह असल्याचा, निरीक्षणांवर आधारलेला हा अगदी सुरुवातीच्या दाव्यांपैकी एक. चाळीस वर्षांनी अमेरिकेतल्या टी. जे. जे. सी यांनी तो पुन्हा मांडला, तेव्हा १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी गणिताने दाखवून दिले, की सी सांगतात तशी कक्षा टिकूच शकत नाही. ते पाहायला जेकब नव्हता. पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा उभारण्याची कामगिरी घेऊन १८६२ च्या ऑगस्टमध्ये तो परतला आणि पुण्यात पोहोचताच वारला.

परग्रहांच्या शोधाचा इतिहास असा टिकू न शकलेल्या दाव्यापासून सुरू होतो, हेच मला त्यात ओढणारे कारण ठरले. माझे औपचारिक शिक्षण वाणिज्य शाखेचे. खगोलशास्त्र मी नोकरी सांभाळून, मिळेल ते वाचून शिकलो. पंचवीस वर्षांपासून या विषयावरची वर्तमानपत्री कात्रणे ठेवतो आहे. त्यांत ‘नवा ग्रह सापडला’ अशी कात्रणे ढिगाने आहेत. ‘तो ग्रह नव्हता’ असे सांगणारे एकही नाही. माघारीच्या बातम्या शोधनिबंधांतच राहतात. त्या निबंधांच्या आधारे एका विशिष्ट शोधाची हकिगत इथे मांडतो आहे : तरुण ताऱ्यांभोवती घडत असलेल्या ग्रहांचे प्रत्यक्ष छायाचित्र घेण्याची.

आधी अडचण समजून घेऊ. आज माहीत असलेले बहुतेक परग्रह अप्रत्यक्षपणे कळले आहेत. तारा डुलतो किंवा त्याचा प्रकाश ठरावीक काळाने किंचित मंदावतो, त्यावरून. ग्रहाचा स्वतःचा प्रकाश टिपणे फार कठीण. दूरवरून आपली सूर्यमाला पाहिली, तर दृश्य प्रकाशात सूर्य गुरूपेक्षा सुमारे अब्जपट तेजस्वी दिसेल, आणि दोघे एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. नव्या ग्रहाच्या बाबतीत मात्र एक सवलत मिळते. वायू आणि धूळ कोसळून तो घडलेला असतो, त्यामुळे तापलेला असतो आणि अवरक्त किरणांत स्वतः उजळतो. तिथे फरक अब्जावरून काही हजार ते काही लाखपटींवर येतो. म्हणून हा शोध तरुण ताऱ्यांकडे वळला.

ताऱ्याचा झगमगाट झाकण्याची युक्ती सूर्याच्या अभ्यासातून आली. बर्नार लियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास पिक दु मिदीच्या शिखरावर, ग्रहणाची वाट न पाहता, सूर्याचे बिंब दुर्बिणीतच झाकून त्याची प्रभा पाहिली. त्या उपकरणाला करोनाग्राफ म्हणतात. १९८३ मध्ये ‘आयरास’ या उपग्रहाला काही ताऱ्यांजवळून अपेक्षेपेक्षा अधिक अवरक्त प्रारण येताना आढळले. त्यांपैकी ‘बीटा पिक्टोरिस’ या सुमारे ६३ प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याकडे ब्रॅडफर्ड स्मिथ आणि रिचर्ड टेरिल यांनी १९८४ मध्ये चिलीतल्या लास कंपानास इथून करोनाग्राफ रोखला. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, कडेने दिसणारी धुळीची तबकडी छायाचित्रात उमटली. ग्रह तबकडीतून घडतात ही कांट आणि लाप्लास यांच्या काळापासूनची कल्पना. आता दुसऱ्या ताऱ्याभोवतीची तबकडी समोर होती. प्रश्न उरला तिच्यातल्या ग्रहाचा.

मे १९९८ मध्ये उत्तर मिळाल्यासारखे वाटले. सुझन टेरेबी यांनी हबल दुर्बिणीतून घेतलेल्या चित्रात, वृषभ राशीतल्या ‘टीएमआर-१’ या अतितरुण ताराजोडीपासून निघालेला प्रकाशाचा एक धागा होता आणि त्याच्या टोकाशी एक मंद ठिपका. जन्मदात्यांनी बाहेर फेकलेला कोवळा ग्रह, असा अर्थ लावला गेला आणि बातमी जगभर पोहोचली. पुढे टेरेबी यांनीच केक दुर्बिणीने त्या ठिपक्याचा वर्णपट घेतला. तो ग्रहाच्या मानाने फार उष्ण निघाला. मागे दूरवर असलेला एखादा सामान्य तारा असण्याचीच शक्यता अधिक होती. २००० साली त्यांनी हे स्वतः प्रसिद्ध केले. दावा करणाऱ्यानेच विरुद्ध साक्ष नोंदवावी, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे पान वाटते.

त्यानंतर ठिपक्याची उलटतपासणी हा रिवाजच झाला. पहिला प्रश्न : हा ठिपका ताऱ्याबरोबर सरकतो का? प्रत्येक तारा आकाशात अगदी सावकाश सरकत असतो. ठिपका मागचा तारा असेल तर मागे राहील; सोबती असेल तर बरोबर येईल. २००४ मध्ये गाएल शोव्हँ आणि सहकाऱ्यांना ‘२एम१२०७’ या तपकिरी बटूजवळ असा ठिपका दिसला, तेव्हा ते निर्णयासाठी थांबले. २००५ च्या चित्रांत दोघे बरोबर सरकलेले दिसले, मगच सोबती असल्याची खात्री दिली. बीटा पिक्टोरिसच्या बाबतीत थांबणे आणखी लांबले. ॲन-मारी लाग्रांज यांच्या गटाला २००३ च्या चित्रांत ताऱ्याच्या एका बाजूला एक ठिपका मिळाला होता. पुढे तो दिसेनासा झाला आणि २००९ मध्ये ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उगवला. तो खरोखरच कक्षेत फिरत होता.

दुसरा प्रश्न : हा ठिपका आपल्याच यंत्राने तर तयार केलेला नाही ना? वातावरणाची थरथर सुधारण्यासाठी दुर्बिणीतला लवचीक आरसा सेकंदात शेकडो वेळा आकार बदलतो. तशी कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्येच मांडली होती. तरीही ताऱ्याचा थोडा प्रकाश सांडतो आणि ग्रहासारखेच ठिपके पाडतो. यावर क्रिस्तियान मारवा यांनी २००६ मध्ये नेमकी पद्धत मांडली. रात्रभरात आकाश कॅमेऱ्यासमोर फिरू द्यायचे. यंत्राचे ठिपके जागीच राहतात, खरा सोबती आकाशाबरोबर फिरतो. मग वजाबाकी करायची. याच मार्गाने मारवा यांच्या गटाने नोव्हेंबर २००८ मध्ये ‘एचआर ८७९९’ भोवतीचे तीन ग्रह एकत्र दाखवले. चौथा २०१० मध्ये मिळाला. त्यांतला एक हबलने १९९८ मध्येच टिपलेला होता, हे जुनी चित्रे नव्या पद्धतीने तपासल्यावर २००९ मध्ये कळले. जुने दप्तर जपून ठेवण्याचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

त्याच नोव्हेंबरमध्ये पॉल कलास यांनी फोमलहॉट, म्हणजे आपला मीनास्य, या ताऱ्याचा ग्रह जाहीर केला. तो हलत होता, पहिली कसोटी त्याने पार केली होती; पण ग्रहाने जिथे उजळायला हवे त्या अवरक्तात तो दिसेना. पुढे तो फिका आणि विस्कळीत होत गेला, २०१४ च्या चित्रांत नाहीसा झाला. २०२० मध्ये अँड्रास गास्पार आणि जॉर्ज रीकी यांनी निष्कर्ष काढला, की तो दोन बर्फाळ पिंडांच्या टकरीतून उडालेला, पसरत जाणारा धुरळा होता.

तबकडीत घडत असलेल्या ग्रहाच्या बाबतीत तर वजाबाकीच दगा देऊ शकते. तबकडीची उजळ कड अर्धवट वजा झाली की उरलेला तुकडा गोल, ग्रहासारखा दिसतो. ‘एलकेसीए १५’ या ताऱ्याभोवती २०११ पासून एकाहून अधिक घडते ग्रह सांगितले गेले. २०१५ मध्ये एकाजवळ तापलेल्या हायड्रोजनचा लाल प्रकाशही नोंदला गेला. २०१९ मध्ये थेन करी यांच्या गटाने दाखवले, की ग्रहांच्या म्हणून सांगितलेल्या संकेतांचा उलगडा तबकडीच्या आतल्या भागाच्या प्रकाशाने होतो.

या सगळ्यानंतर २०१८ मध्ये मिरियम केप्लर आणि सहकाऱ्यांनी ‘पीडीएस ७०’ चा निबंध लिहिला. नरतुरंग तारकासमूहातला, सुमारे ३७० प्रकाशवर्षे दूरचा, जेमतेम पन्नास लाख वर्षांचा तारा. भोवती तबकडी, तिच्यात मोठी पोकळी आणि पोकळीत, सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे २२ पट दूर, एक ठिपका. निबंध वाचताना जाणवते, की प्रत्येक उलटप्रश्नाची तयारी आधीच केलेली आहे : पाच वेगवेगळ्या वेळची निरीक्षणे, तीन प्रकाशपट्टे, वेगवेगळी उपकरणे, आणि ताऱ्याशी बांधलेला असल्याचा पुरावा. २०१९ मध्ये हायड्रोजनच्या लाल प्रकाशात त्याचा धाकटा जोडीदार सापडला. त्या ग्रहाभोवती स्वतःची छोटी तबकडी असल्याचे अल्मा दुर्बिणींच्या २०२१ च्या चित्रात स्पष्ट झाले. चंद्र घडायला लागणारा माल तिथे साठलेला असावा.

अल्मानेच २०१४ मध्ये ‘एचएल टॉरी’ च्या तबकडीतली वलये दाखवली होती. वलयांमधल्या रिकाम्या पट्ट्या ग्रहांनी कोरल्या असतील का, हा तेव्हापासूनचा वाद. २०२५ मध्ये ‘विस्पिट २’ या ताऱ्याभोवती तशाच एका पट्टीत, वायू ओढून घेत असलेला ग्रह टिपला गेला. निदान एका ठिकाणी तरी कोरणारा हाती लागला. सारथी तारकासमूहातल्या ‘एबी ऑरिगी’ जवळचा, २०२२ मध्ये जाहीर झालेला ठिपका मात्र अजून साक्षीच्या पिंजऱ्यात उभा आहे : तो ग्रह, की तबकडीवरून परावर्तित झालेला प्रकाश?

जेकबला त्याच्या काळात यातला एकही प्रश्न विचारता येण्याजोगा नव्हता. त्याने आपला दावा ‘शक्यता’ या शब्दात मांडला, एवढे भान त्याला नक्की होते. माझ्या कात्रणांच्या फायलीत मी अलीकडे एक रिवाज पाळतो. ‘ग्रह सापडला’ या प्रत्येक कात्रणामागे एक कोरा कागद जोडतो. टीएमआर-१, फोमलहॉट आणि एलकेसीए १५ यांच्यामागचे कागद भरले आहेत. पीडीएस ७० चा कागद सात वर्षांनंतरही कोरा आहे.