हलकं पितळ

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. परवा धाकट्या जावेचा फोन आला, "ताई, ब्लॉगला कुलूप लावलंत की काय?" कुलूप नाही हो, पण मी तीन महिने मुलाकडे कॅलिफोर्नियात होते आणि तिथून काही लिहायचं नाही असं जातानाच ठरवलं होतं. तिथले स्वच्छ रस्ते, मोठमोठी दुकानं आणि सुनेने मैद्यावर केलेले पुरणपोळीचे प्रयोग यांवर आपल्या पिढीने इतकं लिहून ठेवलंय की मी आणखी भर घालण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाहीये. ती पितळेची आहे.

मुलाच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. जन्मसाल १९५०, म्हणजे माझंच. एकटेच असतात. त्यांची गाडी कायम बाहेर उभी, कारण गॅरेजमध्ये कामाचं टेबल, कानशी, चिमटे आणि तारांची भेंडोळी. शाळा सुटली की माझा नातू तिथे. मुलगा म्हणाला, "आई, असू दे गं, मोबाईलपेक्षा बरं." तरी एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणून गेले. टेबलावर संगमरवराचा एक सपाट तुकडा आणि त्यावर वीतभर लांबीचा पितळी सांगाडा. नातू म्हणाला, "आजी, हा लाइटवेट ब्रास चॅसी आहे." मला हसूच आलं. हलकं पितळ? आमच्या घरातलं घंगाळ उचलावं लागलं असतं तर या पोराने पितळेच्या शेजारी 'हलकं' हा शब्द बसू दिला नसता.

हा सांगाडा ज्या गाडीचा, त्या खेळाला स्लॉट कार रेसिंग म्हणतात. लाकडी मार्ग, त्यात प्रत्येक गाडीसाठी एक अरुंद खाच कोरलेली. खाचेच्या दोन्ही कडांना तांब्याच्या तारांच्या विणलेल्या पट्ट्या, त्यांतून बारा-चौदा व्होल्टचा प्रवाह खेळतो. गाडीच्या नाकाखाली एक जीभ असते. ती खाचेत उतरते, तिच्या दोन बाजूंच्या ब्रशांतून वीज वर येते आणि मागच्या चाकांजवळची छोटी मोटर फिरते. खेळणाऱ्याच्या हातात फक्त एक चाप. दाबला की वेग, सोडला की ब्रेक. गाडी वळवायची नसतेच, ती खाचच वळवते. पण वळणावर चाप जरा जास्त दाबला गेला की गाडी खाचेतून निसटून भुईवर. म्हणजे सगळी परीक्षा हात आवरण्याची. (आमच्या वर्गातल्या काही मुलांना हा खेळ सक्तीचा करायला हवा होता.)

आता थोडा इतिहास, सवय जात नाही. विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या मोटारी न्यूयॉर्कच्या लायोनेल कंपनीने १९१२ सालीच काढल्या होत्या. ही कंपनी खरी आगगाड्यांची. त्या मोटारी काही वर्षांतच बंद पडल्या. खेळ जन्माला आला तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये. तिथे फ्रेड फ्रान्सिस नावाच्या उद्योजकाची मिनीमॉडेल्स नावाची कंपनी होती. १९५२ साली त्यांनी चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या मोटारी 'स्केलेक्स' या नावाने काढल्या. त्या चांगल्या खपल्या, पण चावी दिलेली गाडी एकदा सोडली की खेळणाऱ्याने करायचं काय? नुसतं बघायचं. मग फ्रान्सिस यांनी तिच्यात विजेची मोटर बसवली, तिला खाच दिली आणि १९५७च्या जानेवारीत हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडली. स्केलेक्स अधिक इलेक्ट्रिक, म्हणून 'स्केलेक्स्ट्रिक'. मागणी इतकी आली की छोट्या कंपनीला ती पुरी करता येईना. पुढच्याच वर्षी त्यांनी ती लाइन्स ब्रदर्स या मोठ्या खेळणी-कंपनीला विकून टाकली.

अमेरिकेत गेल्यावर मात्र या खेळाचं रूप पालटलं. घरात सतरंजीवर मांडायचा मार्ग तिथे दुकानात गेला. आठ-आठ खाचांचे, शंभर-दीडशे फुटांची एक फेरी असलेले लाकडी मार्ग, आणि तासाच्या भाड्याने खाच घ्यायची. १९६५-६६च्या सुमाराला असे रेसवे हजारोंच्या संख्येने उघडले होते. गाड्या खऱ्या मोटारीच्या एक चोविसांश आकाराच्या. कॉक्स, मोनोग्राम, रेव्हेल अशा कंपन्या त्यांचे संच विकत. मोटरी बहुतेक जपानच्या मबुची कंपनीच्या. १९६६ साली खऱ्या मोटारींची कॅन-ॲम नावाची शर्यत-मालिका सुरू झाली. तिचे नियम फार सैल, त्यामुळे मोटारी एकेक अचाट. टेक्सासच्या जिम हॉल यांची शॅपरल तर पाठीवर उंच पंख घेऊन धावायची. १९६७ ते १९७१ अशी सलग पाच वर्षं मॅक्लारेनच्या नारिंगी गाड्यांनी विजेतेपद घेतलं. रविवारी खऱ्या मोटारी धावायच्या आणि सोमवारी पोरांना तीच गाडी खाचेत हवी असायची.

शेजारचे आजोबा त्यांतलेच एक पोर. ज्या वर्षी आमच्याकडे कोयनेचा भूकंप झाला, त्या १९६७ सालात त्यांनी सतराव्या वर्षी आपला पहिला सांगाडा जोडला. तो त्यांनी मला दाखवला. पितळी नळ्या आणि सळ्या, पियानोला वापरतात ती पोलादी तार, आणि जागोजागी डाख. बाजारात तयार चॅसी मिळत असताना पोरं स्वतः का जोडायची? कारण ओतीव किंवा ठोकून काढलेल्या चॅसीत फेरफार करता येत नाही. पितळ मात्र घरच्या घरी कापता येतं, वाकवता येतं आणि साध्या कथिल-शिशाच्या डाखाने सांधता येतं. चुकलं तर तापवून सुटतं. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण त्याला हा साधा डाख धरत नाही.

आणि इथेच तो हलक्या पितळेचा उलगडा आहे. मला तो समजायला दोन दुपार लागल्या. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, ॲल्युमिनियम पावणेतीन पट. मग वेगासाठी जड धातू कशाला? तर वळणावर गाडी उलटते ती वजन उंचावर असल्यामुळे. पितळ सगळ्यांत खाली, जमिनीपासून मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरवर पसरलं की गाडी बसून राहते. पण तेच वजन सरळ रस्त्यावर मोटरला ओढावं लागतं आणि वळणाआधी ब्रेकला आवरावं लागतं. म्हणून सगळी कला वजन कुठे ठेवायचं आणि कुठून काढायचं यात. मधल्या भागातली पट्टी काढून तिथे दोन-तीन समांतर तारा; पोलाद असल्याने त्या दबतात आणि परत येतात. जिभेला आधार देणारी पुढची पट्टी घट्ट ठेवून पितळ दोन्ही कडांना न्यायचं. कडांचे तुकडे तर नळीत घातलेल्या तारेवर सैल टांगलेले असतात, हातात धरले की चक्क खुळखुळतात. माझं शिक्षिकेचं मन म्हणालं, अरे हे नीट बसवा ना! पण तो सैलपणा मुद्दाम ठेवलेला आहे. मार्गातला सांधा लागला की हादरा त्या कडा खातात, चाकं उडत नाहीत.

डाख देताना मी बघत बसायचे. सांगाड्याचे तुकडे संगमरवरावर पिना लावून सपाट धरायचे, सांध्याला आम्ल लावायचं, आयर्न टेकवायचं, आणि कथिल अचानक पाण्यासारखं धावतं. तो वास आला आणि मी थेट कसब्यात पोचले. तांबट आळीजवळ माझं माहेर. सकाळपासून ठोक्यांचा आवाज, आणि वर्षातून दोनदा दारात कल्हईवाला, त्याचा भाता आणि नवसागराचा तो नाकात जाणारा धूर. नातवाची पंचाईत ही होत होती, की एक सांधा लावायला गेलं की शेजारचा सुटायचा, कारण पितळ उष्णता झटकन पसरवतं. मी म्हटलं, शेजारच्या सांध्यावर ओलं फडकं ठेव. आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ते कपडे वाळवायच्या क्लिपा लावत होते, पण फडकंही चाललं!

तर हा एवढा भरात आलेला खेळ दोन-तीन वर्षांत बसला. १९६८ उजाडेपर्यंत रेसवे भराभर बंद होऊ लागले होते. कारण जरुरीपेक्षा जास्त दुकानं हे एक. पण मला दुसरं जास्त पटतं. मोटरींची वेटोळी नव्याने गुंडाळून पोरांनी वेग असा वाढवला, की दुकानातून संच घेऊन आलेल्या नवख्याची गाडी नुसती इतरांच्या वाटेत यायची. नवखे यायचे थांबले. उरलेल्यांनी आणखी वेग वाढवला. मोटर तिरकी बसवली, गाडीच्या अंगावर पारदर्शक प्लास्टिकचे पडदे लावले. आज त्या घराण्यातल्या सर्वांत वेगवान गाड्या १५५ फुटांची फेरी दोन सेकंदांच्या आत मारतात. त्या दिसतात मात्र चपटी पाचर असावी तशा. गाडी म्हणून ओळखू येत नाहीत आणि धावताना दिसतही नाहीत.

याला कंटाळून २०००नंतरच्या दशकात काही जुन्या मंडळींनी 'रेट्रो' शर्यती सुरू केल्या. नियम असे, की अंग साठच्या दशकातल्या एखाद्या खऱ्या मोटारीचं हवं, पंख-पडदे नकोत, सांगाडा पितळ आणि पोलादी तारेचा, आणि मोटर सगळ्यांची सारखी, स्वस्तातली.

इथे आमचं वाजलं. आजोबा नवा सांगाडा जोडत होते तो त्यांच्या १९६७च्या गाडीची आठवण म्हणून. पण त्यात त्या खुळखुळणाऱ्या कडा होत्या, ज्या जुन्यात नव्हत्या. त्या नंतर आल्या. मोटर आजची. वरचं नारिंगी अंग मात्र १९६७चं. मी म्हटलं, "ही ऐतिहासिक कादंबरी झाली, इतिहास नव्हे." (नातू दुभाषा. त्याने काय सांगितलं देव जाणे.) कादंबऱ्या वाचून इतिहासावर भांडायला येणारे पालक मी चौतीस वर्षं सोसले आहेत, त्यामुळे जरा जोरातच बोलले असेन. ते चिडले नाहीत. त्यांनी स्वैपाकघरातला काटा आणला. जुना सांगाडा ७१ ग्रॅम, कारण वळणावर टिकावा म्हणून त्यांनी तेव्हा शिशाचे तुकडे चिकटवले होते. नवा ५४. म्हणाले, "मला तेव्हा हाच करायचा होता. जमला नाही."

यावर काय बोलणार?

पण खरी पंचाईत पुढे आली. जुन्या सांगाड्याचा मागचा एक सांधा सुटला होता. त्यांचा हात आता थरथरतो, म्हणून नातवाकडून तो त्यांना लावून घ्यायचा होता. मी नको म्हटलं. तो सांधा मी भिंगातून पाहिला होता. राखाडी, रवाळ, म्हणजे डाख पुरता वितळलाच नव्हता. बाकीचे सांधेही थोडेफार तसेच. विचारलं तर म्हणाले, वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं लहान आयर्न होतं, पितळेला ते पुरत नसे. म्हणजे त्या सांध्यात ते घर आहे, ते आयर्न आहे, सतरा वर्षांच्या मुलाची घाई आहे. तो पुरावा आहे आणि पुराव्याला हात लावायचा नसतो, असं मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "पण मी अजून आहे ना." चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याच पुराव्याने मला उलट उत्तर दिलं नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. कारण पुराव्याची महती सांगणारी मी कोण? आईचं घंगाळ माझ्याकडे होतं. काठावर तिचं माहेरचं नाव, लग्नाची तिथी आणि 'सप्रेम भेट' अशी अक्षरं ठोकलेली. १९८४ साली गॅस, गीझर सगळं आल्यावर ते माळ्यावर पडून होतं. मी ते मोडीत घालून स्टीलच्या डब्यांचा संच घेतला. सकाळी शाळेत ताम्रपट शिकवले असतील आणि संध्याकाळी घंगाळ तागडीत ठेवलं. आईला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "जड होतं तसं ते." त्यानंतर ती वर्षभरच होती.

निघायच्या आठवड्यात आजोबांनी तो सांधा लावून घेतलाच. नातवाने लावला, चकचकीत, बाकीच्या राखाडी सांध्यांत वेगळा ओळखू येणारा. मला राग आला आणि गेलाही. गाडी तीन फेऱ्या धावली. चौथ्या वळणावर उडाली. नातवाचा स्वतःचा सांगाडा काट्यावर ६३ ग्रॅम भरला. तो आता कुठून नऊ ग्रॅम काढता येतील ते बघतोय, फोनवर मला तेवढंच सांगतो.

आता माझं काम. कसब्यातल्या वाड्यातल्या मंगळागौरीचा १९७३चा एक फोटो होता. त्यात न्हाणीघराच्या दाराशी ते घंगाळ दिसायचं. मावशीकडच्या किंवा मोठ्या काकांकडच्या कुणाकडे तो असेल तर कृपा करून स्कॅन करून पाठवा. अक्षरं वाचता आली तर आईच्या लग्नाची तिथी मला नक्की करायची आहे. आम्हा भावंडांत त्यावरून अजून दोन मतं आहेत.