पांढरी पिटुनिया आणि लघु आरएनए

जनुकातील मजकुराची नक्कल निरोप्या आरएनएवर उतरते आणि त्या निरोपाबरहुकूम पेशी प्रथिन घडवते. लघु आरएनए या कामात मधेच अडसर घालतात. वनस्पतींत त्यांची लांबी साधारण २१ ते २४ न्यूक्लिओटाइड असते आणि त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. आपल्याशी जुळणारा मजकूर गाठून ते तो निरोप तोडायला लावतात, त्याचे वाचन थोपवतात किंवा मूळ जनुकच मिटवून ठेवतात. रोपाला कोणते पान केव्हा फुटावे आणि फुलोरा केव्हा यावा, यावरही त्यांचा ताबा चालतो. वनस्पतींत त्यांचा छडा लागला तो मात्र वाढीच्या अभ्यासातून नव्हे, तर विषाणूने आजारी पडलेल्या तंबाखूतून आणि रंग गमावलेल्या फुलातून.

१९२८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात एस. ए. विंगार्ड यांनी वलयठिपका विषाणूची लागण झालेल्या तंबाखूचे वर्णन प्रसिद्ध केले. रोपाची खालची पाने करपलेली होती. नंतर फुटलेली वरची पाने मात्र निरोगी होती आणि त्यांना पुन्हा तोच विषाणू टोचला तरी रोग उमटत नव्हता. वनस्पतींत प्राण्यांसारखी प्रतिपिंडे नसतात. तेव्हा रोपाने विषाणूची ओळख कशी लक्षात ठेवली, याचा उलगडा पुढची सात दशके झाला नाही.

दुसरा धागा फुलांच्या बाजारासाठी केलेल्या प्रयोगातून आला. पिटुनियाचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो आणि ते तयार होण्यासाठी चाल्कोन सिंथेस हे विकर लागते. रिचर्ड जॉर्गेन्सन, कॅरोलिन नेपोली आणि क्रिस्टीन लेम्यू यांनी कॅलिफोर्नियात या विकराचे जादा जनुक रोपांत घातले. रंग गडद होईल अशी अपेक्षा होती, पण ४२ टक्क्यांपर्यंत रोपांना पूर्ण पांढरी किंवा पांढऱ्या-जांभळ्या नक्षीची फुले आली. पांढऱ्या फुलांत मूळ जनुकाचा निरोप्या आरएनए सुमारे पन्नास पटींनी घटला होता. म्हणजे पाहुण्या जनुकाबरोबर घरचे जनुकही गप्प झाले होते. त्याच रोपावर क्वचित फुले पुन्हा जांभळी होत, तेव्हा दोन्ही जनुकांचे निरोप एकदमच वाढत. १९९० साली या परिणामाला सहदमन हे नाव मिळाले. नेदरलँड्समधील गटालाही त्याच वर्षी तसेच आढळले.

हे दोन धागे पुढे तंबाखूतच एकत्र आले. १९९३ मध्ये ऑरेगॉनमधील विल्यम डोहर्टी यांच्या गटाने विषाणूच्या आवरणाचे जनुक घातलेल्या तंबाखूला त्याच विषाणूची लागण केली. रोपे आधी आजारी पडली आणि मग सावरली. सावरलेल्या पानांत विषाणूचा आरएनए आणि घातलेल्या जनुकाचा निरोप, दोन्ही नाहीसे होत होते. १९९७ मध्ये फ्रान्समध्ये कलमांचा प्रयोग झाला. जनुक गप्प झालेल्या तंबाखूच्या खुंटावर बोलक्या जनुकाची फांदी बांधली, तर तिच्यातही ते जनुक गप्प झाले. अर्थात काहीतरी खुंटातून वर चढत होते आणि नेमके कोणते जनुक मिटवायचे हे त्याला ठाऊक होते. इतकी अचूक ओळख न्यूक्लिक आम्लालाच शक्य होती.

१९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी सूत्रकृमीत दुपदरी आरएनए जनुक गप्प करतो हे दाखवले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात पीटर वॉटरहाउस यांच्या गटाने तंबाखूत एकमेकांना पूरक असे आरएनएचे दोन्ही पदर तयार करवून विषाणूला रोखले. पण प्रत्यक्ष काम करणारा रेणू हाती लागला तो १९९९ मध्ये, इंग्लंडमधील नॉरिच येथे. नेहमीच्या जेलवर लांब आरएनए वेगळे करताना फार छोटे तुकडे खालून वाहून जात. अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकम यांनी मुद्दाम लहान तुकडे धरून ठेवले. जनुक गप्प झालेल्या टोमॅटोत आणि विषाणूबाधित रोपांत त्यांना सुमारे २५ न्यूक्लिओटाइडचा आरएनए दिसला. जिथे जनुक गप्प नव्हते तिथे तो नव्हता.

पुढे यंत्रणा स्पष्ट झाली. डायसर गटातील विकर दुपदरी आरएनएचे ठरावीक मापाचे तुकडे करते. त्यांतला एक पदर आर्गोनॉट प्रथिनात बसतो आणि जुळणारा निरोप दाखवून देतो. प्रथिन तो कापते. आर्गोनॉट हे नावही वनस्पतीतूनच आले. १९९८ मध्ये मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिसचे एक उत्परिवर्तित रोप मिळाले होते. त्याची अरुंद पाने आर्गोनॉटा या सागरी जीवाच्या भुजांसारखी दिसत, म्हणून ते नाव पडले. विषाणूही स्वस्थ बसलेले नव्हते: त्यांतल्या अनेकांकडे हा बंदोबस्त मोडणारी प्रथिने असल्याचे १९९८ मध्येच उघड झाले होते.

ही यंत्रणा केवळ शत्रूसाठी नाही, हे २००२ मध्ये कळले. अरॅबिडॉप्सिसमध्ये रोपाच्या स्वतःच्या जनुकांतून उतरणारे सूक्ष्म आरएनए, म्हणजे मिआर, सापडले. त्यांची बहुतेक लक्ष्ये म्हणजे इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची जनुके होती. पुढच्याच वर्षी मिआर-३१९ वाजवीपेक्षा जास्त झाला की पानांच्या कडा सुरकुततात, असे दिसले. वाढीचे वय मोजण्याचे काम मिआर-१५६ कडे आहे. कोवळ्या रोपात तो भरपूर असतो आणि प्रौढपण आणणारी एसपीएल जनुके दाबून ठेवतो. पाने वाढून साखर साठू लागली की तो ओसरतो, मिआर-१७२ वाढतो आणि फुलोऱ्याची वाट मोकळी होते.

पिकांत याचा पुरावा उघड्या डोळ्यांना दिसतो. कॉर्नग्रास हा मक्याचा जुना उत्परिवर्तित वाण गवतासारखा फुटवे फोडत राहतो. त्यात मिआर-१५६ अतोनात तयार होतो, हे २००७ मध्ये सिद्ध झाले. भातात उलटे घडले. २०१० मध्ये चीन आणि जपानमधील गटांनी एसपीएल-१४ हे जनुक मिआर-१५६च्या पकडीतून सुटलेले वाण शोधले. त्यांना फुटवे कमी, पण खोड दणकट आणि लोंबीत दाणे जास्त असतात.

शेतकऱ्याने मात्र लघु आरएनएची निवड नकळत फार पूर्वीच केली होती. रानटी सोयाबीनचे दाणे गडद असतात. लागवडीतले बहुतेक वाण पिवळे. २००४ च्या सुमारास कारण समजले: दाण्याच्या सालीत चाल्कोन सिंथेसची जनुके, म्हणजे पिटुनियात गप्प झालेलीच जनुके, लघु आरएनए मिटवून ठेवतात. मोझॅक विषाणूची बाधा झालेल्या सोयाबीनच्या दाण्यांवर गडद डाग पडतात, कारण विषाणूचे प्रथिन तेवढ्या जागी हा बंदोबस्त मोडते आणि दबलेला रंग वर येतो.