लेकीच्या लग्नाची बाटली

मी गोराईत भाजीपाला करतो. आमच्या समाजानं ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं १८८७ मध्ये. नाताळला घरची वाईन ही आमची रीत. आजी काळी द्राक्षं कुस्करून साखर-खमीर घालून बरणीत ठेवायची, एकवीस दिवसांनी गाळायची.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं विनापरवाना वाईन घालणं गुन्हा ठरलं. पुढं २००१ मध्ये राज्यानंच द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. विंचूर, पलूसला वाईन पार्क केले.

लेक जन्मली त्या वर्षीची एक बाटली मी तिच्या लग्नासाठी पोटमाळ्यावर जपली. लग्नात उघडली तर शिरका!

कारण शेतातलंच. खायच्या द्राक्षाची साल पातळ, गर जास्त. काबर्ने, शिराझचा मणी बारीक, साल जाड. साल-बियांतलं टॅनिन लाल वाईन टिकवतं. त्यात बूच घट्ट हवं, जागा अंधारी, १२-१५ अंशांची. पत्र्याखाली ते कुठलं?

म्हणून घोट तोंडात फिरवून बघा. हिरड्या आवळल्या तर टॅनिन आहे. नुसती गोड लागली तर ठेवू नका. आजी ईस्टरपर्यंत बरणी रिकामी करायची, ती उगाच नाही.