फुप्फुसात द्रव भरून बाळ वाचतं का? ‘लिक्विड ब्रीदिंग’ची खरी गोष्ट

१९८९ साली आलेल्या ‘द ॲबिस’ या हॉलिवूडपटात एक सीन आहे. एका उंदराला गुलाबी द्रवात बुडवतात. तो आधी तडफडतो आणि मग चक्क त्या द्रवातच श्वास घ्यायला लागतो. हे ग्राफिक्स नव्हतं. उंदीर खरा होता आणि द्रवही.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात डॉक्टर हाच उपाय कमी दिवसांच्या बाळांवर करून बघत होते.

या बाळांना दम का लागतो?

आपल्या फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. श्वास सोडल्यावर त्या चिकटून बसू नयेत म्हणून आतून साबणासारखा एक थर असतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. फार लवकर जन्मलेल्या बाळात हा थर पुरेसा तयारच झालेला नसतो. मग प्रत्येक श्वासाला बंद फुगा नव्याने फुगवावा, तशी त्याची दमछाक होते.

मग हवेऐवजी द्रव कशाला?

पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवानेच भरलेली असतात. द्रव असला की पिशव्या मिटत नाहीत. पण साध्या पाण्यात ऑक्सिजन फारच कमी विरघळतो. परफ्लुरोकार्बन नावाच्या द्रवात मात्र तो पाण्याच्या कितीतरी पट मावतो. १९६६ साली लेलँड क्लार्क आणि फ्रँक गोलन यांनी या द्रवात उंदीर जिवंत ठेवून दाखवले होते.

बाळांवर काय झालं?

फिलाडेल्फियातली पहिली तीन बाळं शेवटच्या घटका मोजत होती. द्रवामुळे त्यांची फुप्फुसं सुधारली, पण जीव वाचला नाही. १९९६ साली १३ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यात फुप्फुसात थोडा द्रव आणि वरून व्हेंटिलेटरची हवा, अशी पद्धत होती. ऑक्सिजन वाढला, ८ बाळं तगली. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

पुढे २००६ साली ३११ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत या पद्धतीचा फायदा दिसला नाही, उलट गुंतागुंत वाढली. शिवाय श्वासनलिकेतून देता येणारं तयार सर्फॅक्टंट १९९० पासूनच अमेरिकेत मंजूर होतं. म्हणून लिक्विड ब्रीदिंग आजही नेहमीचा उपचार नाही.

आपल्याकडे बाळ कशाने वाचतं?

तीन गोष्टींनी: प्रसूतीआधी आईला दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन, जन्मानंतर नाकातून सतत दाबाने हवा देणारं सीपॅप आणि गरज पडल्यास सर्फॅक्टंट. यातलं इंजेक्शन स्वस्त आहे. २०१४ च्या केंद्र सरकारच्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास एएनएम ताईसुद्धा पहिला डोस देऊन आईला पुढे पाठवू शकतात. पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला साधारण एक दिवस लागतो.

म्हणून वेळ महत्त्वाची. मीरा रोड-भाईंदरमध्ये राहत असाल, तर प्रसूतिगृहात नाव घालतानाच विचारा: इथे एनआयसीयू आहे का? सीपॅप आणि सर्फॅक्टंट मिळतं का? नसेल तर कुठे पाठवणार? दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये हे प्रश्न सुचून उपयोग नाही. दिवस भरायच्या आधी पोटात कळ आली किंवा पाणी गेलं, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

बाळ कण्हत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मिनिटाला ६० हून जास्त श्वास घेत असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तरीही तेच करा.