रंगभरणाचे गोत्र

बालवाडीतील मूल हत्तीच्या छापील बाह्यरेषेत रंगखडू घाशीत बसले की ते चित्र काढीत आहे असे आपण म्हणतो, आणि शाळाही तो तास बेधडक चित्रकलेच्या खात्यावर जमा करतात; परंतु या उद्योगाची वंशावळ धुंडाळीत मागे मागे गेले असता ती कोणा चित्रकाराच्या घरी न पोहोचता, रोममधील एका मतिमंद मुलीने विणलेल्या कागदी चटईपाशी जाऊन थांबते, असे माझे ठाम मत झाले आहे.

या वारशावर हक्क सांगणारे इतरही आहेत. सर्वांत बोलका दावा छापखानेवाल्यांचा. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉक्लिन बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत मुलांसाठी रंगवण्याचे पुस्तक काढले, आणि रंगभरणाचा उगम तेथेच, असा शेरा मारून पुष्कळ लेखक मोकळे होतात. परंतु त्या पुस्तकामागे कल्पना होती ती कुंचल्याची व पाण्यात कालवलेल्या रंगांची. पान शोभिवंत व्हावे आणि घरातील मुलांची दुपार सुखाने जावी, एवढाच त्याचा हेतू. तीन बोटांत पेन्सिल धरून, रेघेला रेघ लावून, सीमा न ओलांडता आकृती भरण्याची जी शिस्त बालवाडीत दिसते, तिचा तेथे मागमूस नाही. किंडरगार्टनचा प्रवर्तक फ्रोबेल, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या किंडरगार्टनमध्ये चौकटी आखलेल्या पाटीवर रेघा काढणे होते, कागद विणणे होते; पण त्याला मी रंगभरणाचा पिता न मानता आजा मानतो, त्याचे कारण पुढे येईल.

मारिया माँटेसरी १८९६ साली वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या, आणि पुढे काही काळ रोममधील मतिमंद मुलांच्या शाळेचा कारभार त्यांच्याकडे होता. तेथे अकरा वर्षांच्या एका मुलीला शिवण शिकवावयाचे होते. हातांत बळ होते, बोटे धड होती. परंतु सुई धाग्यांखालून घालून वर काढणे, म्हणजे साधे रफू करणे, तिला काही केल्या साधेना. बाईंनी सुई बाजूला ठेवली आणि फ्रोबेलच्या साहित्यातील कागदी चटई तिच्यापुढे ठेवली: उभ्या पट्ट्यांमधून आडवी पट्टी एकीखालून, दुसरीवरून ओवीत न्यावयाची. मुलगी त्यात रमली. आणि हात बसल्यावर पुन्हा सुई दिली तेव्हा ती रफू करू लागली. बाईंनी सिद्धान्त बांधला तो असा की, कोणतीही कृती करावयास लावण्यापूर्वी तिला लागणारी हालचाल दुसऱ्याच एखाद्या उद्योगातून हाताच्या अंगवळणी पाडावी.

हाच न्याय त्यांनी लेखनाला लावला. ज्यांचे ग्रंथ त्यांनी स्वहस्ते उतरून काढले होते, ते फ्रेंच वैद्य एदुआर सेगँ मुलांना लेखनाकडे नेत ते भूमितीच्या रेघांवरून. हे बाईंना मान्य नव्हते. अक्षराचे पृथक्करण करण्याऐवजी लिहिणाऱ्या माणसाचे निरीक्षण करावे, असे त्या म्हणत. तसे केले असता दोन हालचाली वेगळ्या पडतात: लेखणी आवरण्याची व अक्षर वळवण्याची. अक्षरासाठी त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरे केली. लेखणीसाठी केल्या त्या धातूच्या आकृत्या, आणि आपले रंगभरण जन्मले ते येथेच; फ्रोबेलची चटई त्याच्या एक पिढी मागे उभी, म्हणून तो आजा.

१९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत उघडलेल्या बालगृहात मुले काय करीत, ते पाहण्यासारखे आहे. कागदावर धातूची चौकट ठेवावयाची, तिच्या पोकळ आकृतीच्या कडेने रंगीत पेन्सिल फिरवावयाची. मग चौकट उचलून, त्याच आकृतीचा मूठ असलेला तुकडा उमटलेल्या रेषेवर बसवून दुसऱ्या रंगाने त्याच्याभोवती रेघ काढावयाची. आणि नंतर तिसरा रंग घेऊन, पेन्सिल टाकासारखी धरून, आतील जागा भरावयाची. एका आकृतीत हाताला जेवढा सराव घडतो तेवढ्यासाठी कित्त्याची दहा पाने उभ्या रेघांनी भरावी लागतील, असा बाईंचा हिशेब होता. आणि मूल कंटाळत नाही, हा नफा वेगळाच.

यापुढे त्या मुलांना फुले, फुलपाखरे, झाडे यांच्या बाह्यरेषा रंगवावयास देत. एका मुलाने झाडाचे खोड लाल रंगविले. शिक्षिका पुढे सरसावली. बाईंनी तिला थांबविले. मुलाने अद्याप भोवतालचे झाड पाहिलेले नाही, याचा तो लाल बुंधा म्हणजे लेखी दाखलाच होता. बागेत हिंडता हिंडता त्याचे खोड तपकिरी झाले, फांद्या मात्र काही काळ हिरव्याच राहिल्या.

मग हे गोत्र विस्मृतीत का गेले? माझा संशय मेणखडूवर आहे. अमेरिकेत बिनी आणि स्मिथ यांनी १९०३ साली आठ रंगांची पेटी पाच सेंटांना विकावयास काढली. अशा जाड खडूचा पूर्वज खोकी-पिंपांवर खुणा करण्याचा कारखानदारी खडू, आणि तो लहान मूल मुठीत धरते. मूठ वळली की लेखणीची पकड गेली, राहिला फक्त रंग. मग कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात रंगवण्याच्या पुस्तकांनी मुलांची सर्जनशक्ती मारली जाते असा आरोप केला, तो चित्रकलेपुरता मला मान्य आहे. मात्र फिर्याद चुकीच्या कचेरीत दाखल झाली, कारण आरोपी त्या खात्याचा नोकरच नव्हता.

आपल्याकडे कोणी पंतोजींच्या धूळपाटीचा दावा पुढे करील, आणि तो खरा ठरता तर मला आनंदच झाला असता. परंतु धूळपाटीवर बोट गिरविते ते अक्षर, तेव्हा तिचे नाते खरखरीत अक्षरांशी. माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या. त्यापूर्वीच, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघात ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांनी त्यांची पद्धती रुजविण्यास आरंभ केला होता. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीस गेल्या, तेव्हा खेड्यातील बालवाडीस परवडेल असे साहित्य हाताशी असलेल्या वस्तूंतून उभे करणे भाग पडले. धातूची चौकट जाऊन तिच्या जागी कागदावरची आयती रेषा येण्यास हे दारिद्र्यच कारण झाले असावे, असा माझा तर्क आहे.

खुद्द माँटेसरीबाई स्वतंत्र चित्रासाठी मुलाला कोरा कागद व काळी पेन्सिल निराळी देत. बालवाड्यांनीही तसेच करावे: रंगभरणाचा तास लेखनाच्या खात्यात वर्ग करावा, त्यासाठी बारीक पेन्सिल द्यावी, आणि चित्रकलेला कोऱ्या कागदाचा तास वेगळा राखून ठेवावा.