‘मेफ्लाय’ची कुळकथा

जुलै १९०९मध्ये लुई ब्लेरिओनं विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. त्याच्या विमानाचं चित्र असलेलं एक पोस्टकार्ड पॅरिसहून बेलफास्टजवळच्या कार्नमनी गावी लिलियन ब्लँडच्या हाती पडलं. काकांनी पाठवलेल्या त्या कार्डावर विमानाची मापंही होती. लिलियन तेव्हा तिशी ओलांडलेली, पट्टीची घोडेस्वार आणि वृत्तपत्रांची छायाचित्रकार. आपणही विमान बांधायचं, हे तिनं तिथंच ठरवलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ती ब्लॅकपूलच्या विमानमेळ्याला गेली. तिथल्या यंत्रांभोवती फिरून तिनं त्यांची मापं टिपून घेतली. घरी आल्यावर आधी दुपंखी विमानाची छोटी प्रतिकृती केली आणि ती पतंगासारखी उडवून पाहिली. ती नीट तरंगते म्हटल्यावर मग पूर्ण आकाराचं ग्लायडर हाती घेतलं. हेच ‘मेफ्लाय’. आत्याच्या दिवंगत यजमानांची कार्यशाळा घरीच होती. तिथं स्प्रूस, अॅश आणि बांबूचा सांगाडा उभा राहिला. पंखांना कोरं मांजरपाट ताणून बसवलं. पावसापाण्यात ते भिजू नये म्हणून त्यावर जिलेटिन आणि फॉर्मेलिनचा हात फिरवला. सुकाणूला सायकलचं हँडल लावलं.

आता प्रश्न वजनाचा होता. इंजिनाचा भार या पंखांना पेलेल का? कार्नमनीच्या टेकडीवर तिनं ग्लायडर वाऱ्यावर धरलं. रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीतले धिप्पाड पोलीस आणि घरचा बागकाम करणारा जो ब्लेन त्याला लटकले. वाऱ्यानं ग्लायडर या सगळ्यांसकट उचललं, तशी पोलिसांनी घाबरून पकड सोडली. जो तेवढा धरून राहिला आणि त्यानं ते खाली आणलं. एवढी माणसं उचलली जातात, तर इंजिनही उचललं जाणार, हा हिशोब पक्का झाला.

मग तिनं विमानं बांधणाऱ्या ए. व्ही. रो यांच्याकडे २० अश्वशक्तीचं इंजिन मागवलं आणि इंग्लंडला जाऊन ते स्वतः घेऊन आली. पेट्रोलची टाकी मात्र अजून यायची होती. लिलियनला धीर कुठला! व्हिस्कीची रिकामी बाटली आणि ऐकू कमी येणाऱ्या आत्याचा कानाला लावायचा कर्णा जोडून तिनं पेट्रोल इंजिनात सोडलं आणि ते चालू करून पाहिलं.

उड्डाणासाठी रँडल्सटाउनला लॉर्ड ओनील यांचं मोठं मोकळं रान मिळालं. पाऊसवारा थांबेपर्यंत अनेक आठवडे वाट पाहावी लागली. अखेर ऑगस्ट १९१०मध्ये ‘मेफ्लाय’नं जमीन सोडली. सुमारे ३० फूट उंची आणि पाव मैल अंतर, एवढंच ते उड्डाण. पण विमानाचा आराखडा स्वतः करून, ते स्वतः बांधून उडवणारी जगातली पहिली स्त्री म्हणून लिलियन ब्लँडचं नाव घेतलं जातं.

त्या इंजिनाच्या बळावर याहून पुढं जाणं अवघड होतं. त्यात मुलीच्या जिवाची धास्ती घेतलेल्या वडिलांनी उडणं सोडण्याच्या बदल्यात मोटार देऊ केली. तिनं ती घेतली, चालवायला शिकली आणि मोटारविक्रीचा धंदाही केला. पुढं लग्न करून ती कॅनडाला गेली.

लिलियनच्या धाडसाचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. मला त्याहून मोठी वाटते ती तिची शिस्त: आधी मापं, मग प्रतिकृती, मग ग्लायडर, मग भार आणि शेवटी इंजिन. प्रत्येक शंकेचं उत्तर तिनं वाऱ्यावर तपासून घेतलं आणि मगच त्या यंत्रात जीव घालून बसली.